अप्पांची मिसिंगवाली गाडी

मंद्रूपचे अप्पा सोमवारी गाडी चालवायचे नाहीत. बाजार असो, कुणाचं लग्न असो, सोमवारी गाडी शेडमध्ये. लिंगायत घरांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. आमच्या दक्षिण सोलापुरात ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती डिझेल गाडीला लावणारा माणूस मी एकच पाहिला. एकदा मी त्यांना सोमवारी ट्रायल मारू म्हणून गॅरेजवर बोलावलं, तर अप्पा एस्टीने आले, बाकड्यावर बसले आणि म्हणाले की गाडी उद्या आणतो, आज तिला सुट्टी. एवढं सांगायला इतक्या लांब कशाला आलात, फोन करायचा की, असं मी म्हणालो. त्यावर म्हणाले, "फोनवर तू हसला असतास. आता समोर बसलोय, हस बघू." मी कसला हसतोय.

माझं गॅरेज विजापूर रोडला, जुळे सोलापूर ओलांडलं की डाव्या हाताला. नव्या गाड्या माझ्याकडे येत नाहीत, त्यांना कॉम्प्युटर लावावा लागतो. माझ्याकडे येतात ती जुनी डिझेल धुडं, जी बाकीच्यांनी हात जोडून परत पाठवलेली असतात. अप्पांची गाडी त्यातलीच. पांढरी म्हणायची, एवढंच. अप्पा मात्र ताठ. धोतर, टोपी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि गळ्यात लिंगाची चांदीची डबी. इंजिन बंद केलं की ते लगेच उतरून बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहायचे. गरम लागतंय का बघताय, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "न्हाय रे, दमलंय ते." आता ते मुलीकडे नातेपुत्याला असतात. या रस्त्याने जुन्या डिझेल गाडीचा आवाज आला की मी अजूनही हातातलं काम ठेवून बाहेर बघतो.

त्यांच्या तोंडी एक कानडी वाक्य कायम असायचं, "इरली बिडप्पा." म्हणजे, असू दे रे बाबा. चहात साखर जास्त पडली, इरली बिडप्पा. मी दिलेल्या वेळेला काम झालं नाही, इरली बिडप्पा. दुसरं गिऱ्हाईक माझ्या डोक्यावर मिरे वाटत असायचं आणि हा माणूस भिंतीला पाठ टेकून निवांत. मला सुरुवातीला वाटायचं, यांना कशाचीच घाई नाही. माझा अंदाज साफ चुकला होता. या माणसाला जेवढी घाई होती तेवढी माझ्या एकाही गिऱ्हाइकाला नव्हती.

घाई होती ती त्यांच्या बायकोसाठी. तिला सगळं गाव अव्वा, म्हणजे आई म्हणायचं, मीही तेच म्हणू लागलो. अव्वाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार तिला डायलिसिसला सोलापुरात आणावं लागायचं. अप्पा त्याला "रगत धुवायला" म्हणायचे. वार ठरवताना त्यांनी हॉस्पिटलात एकच अट घातली होती, सोमवार नको. अव्वा आजारी पडली तेव्हा घरात बैलजोडी होती, तिनेच वासरापासून वाढवलेली. तिच्याच्याने आता शेणघाण, वैरणपाणी होईना, म्हणून जोडी दिली आणि ही गाडी आणली. गाडी दारात आली तेव्हा अव्वाने तिच्या नाकाला विभूती लावली आणि नाव ठेवलं, बसवण्णा.

एक दिवस अप्पा आले आणि म्हणाले, "मिस्त्री, बसवण्णा चढाला मरतोय." वडकबाळला सीना नदीचा पूल आहे, त्याच्या चढाला गाडीचा दम जायचा, थाडथाड करत ती मागे राहायची. आमच्या भाषेत मिसिंग. चार सिलिंडरपैकी एखादा नीट पेटत नाही आणि उरलेल्यांना त्याचं ओझं वाहावं लागतं. जुन्या डिझेलमध्ये हे शोधायची सोपी रीत आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे जाणाऱ्या नळ्या एकेक करून किंचित ढिल्या करायच्या. चांगल्या सिलिंडरची नळी ढिली केली की इंजिन लगेच कुरकुरतं. ज्या नळीने इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तिथला सिलिंडर आधीच झोपलेला असतो. अप्पांच्या गाडीत तिसरा झोपला होता. नोझल काढलं तर टोकाला काळा चिकट गोळा. साफ केलं, डिझेलचा फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, गाडी बाणासारखी पळाली. अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मीही जरा फुगलो.

महिना झाला नाही तोच गाडी परत दारात. तेच थाडथाड, तोच चढ. यावेळी तिसरा ठीक आणि पहिला झोपलेला. फिल्टर मधाच्या पोळ्यासारखा चिकट. मी डिझेल भरायची जागा बदलायला सांगितली, अप्पांनी बदलली. पुन्हा आली. नळीतून कुठे हवा ओढते का बघायला मी मध्ये पारदर्शक पाइपचा तुकडा घातला, एक बुडबुडा दिसेल तर शपथ. डिझेल पंप खोलून पाठवला, तपासून नीट करून आला. पुन्हा आली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अरे, आयुष्य डिझेलमध्ये गेलं आणि एक म्हातारी गाडी मला वेड्यात काढते म्हणजे काय? आणि दर वेळी अप्पांचं तेच, इरली बिडप्पा, तू फिल्टर बदलून दे, मला जाऊ दे.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. ती गाडी चालू केली की धुराला भज्यांचा वास यायचा. पण माझ्या गॅरेजच्या भिंतीला लागूनच भज्यांचा गाडा आहे. सकाळ-संध्याकाळ त्याची कढई चढलेली. त्यामुळे माझं नाक त्या वासाला मेलं होतं. एका दुपारी गाडेवाला गावाला गेला होता, अप्पांची गाडी चालू केली आणि तरीही वास आला. मी इंजिन बंद केलं आणि मुकाट्याने टाकी खाली उतरवली.

टाकीच्या आत हात घातला तर भिंतींना पिवळट चिकट पापुद्रा. आमच्याकडे घरोघरी करडईचं तेल असतं, आणि तेलाच्या डब्याच्या गळ्याशी तसाच पापुद्रा धरतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. बोट नाकाशी नेलं. शंकाच नको. डिझेलच्या टाकीत कुणीतरी करडईचं घाण्याचं तेल ओततंय, आणि एकदा नाही, रोजच्या रोज. तेच फिल्टरला चिकटत होतं, तेच नोझलच्या टोकाला जळून बसत होतं.

मी अप्पांना हाताला धरून आत आणलं, बोट त्यांच्यापुढे केलं आणि म्हणालो, तुमच्यावर कुणीतरी डूख धरलाय. गावातलं कोण आहे, नाव सांगा. अप्पांनी माझं बोट आपल्या धोतराच्या सोग्याला पुसलं.

"मला ठावं हाय की," ते म्हणाले.

मला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. आमच्याकडे कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठातल्या पुनवेला, बैलांना नळकांड्यातून तेल-हळद पाजतात, अंगात ताकद यावी म्हणून. अव्वाचे बैल गेले, पण तिचा हात राहिला. अप्पा पहाटे लिंगपूजेला बसले की ती वाटीभर तेल घेऊन हळूच शेडमध्ये जायची आणि टाकीचं झाकण काढून बसवण्णाला पाजायची. वर्षातून एकदा नाही, ज्या ज्या दिवशी सोलापूरला जायचं त्या त्या दिवशी. बिचारा एवढ्या लांब घेऊन जातो, परत आणतो, त्याच्या पोटात काही नको का? अप्पांनी खिडकीतून पहिल्याच महिन्यात बघितलं होतं. तेव्हापासून ते गाडी माझ्याकडे आणत होते, माझी बोलणी खात होते आणि गप्प बसत होते.

माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, अप्पा, एक शब्द बोलायचा होता तिला. यात काय अवघड आहे?

त्यांनी मान हलवली. "मिस्त्री, डॉक्टरनं तिचं पाणी बंद केलंय. पेल्यानं मोजून पिती. मीठ बंद, केळं बंद, शहाळं बंद, डाळ बंद. दारातलं जनावर गेलं. दळण-कांडण, चूल, समदं दुसऱ्याच्या हातात गेलं. घरात एक हेच काम तिच्या हातानं होतंय. त्येबी बंद कर म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू?"

पण मी हाडाचा मेकॅनिक, मला इलाज दिसल्याशिवाय चैन पडत नाही. मी त्यांना युक्ती सांगितली. टाकीच्या तोंडाशेजारी हुबेहूब दुसरं झाकण बसवतो, आत एक डबा ठेवतो. अव्वा त्यात तेल ओतेल, तुम्ही आठवड्याने डबा रिकामा करा. तिचंही मन राहील, गाडीही धावेल. मला ती फारच नामी वाटली होती. अप्पा ऐकून हसले, पण मान्य केलं नाही. म्हणाले, "ती बसवण्णाला पाजतीया. मी तिच्याकडनं डब्याला पाजवू? चाळीस जत्रा संगं केल्या तिच्याबरोबर, तिला कदी फशिवलं न्हाय." टाकीला कुलूप लावा म्हणालो, तर त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. ती गोष्ट मी पुन्हा काढली नाही.

मग एकच उरलं, अप्पांनाच शिकवायचं. फिल्टर कसा फिरवून काढायचा, नवा बसवायच्या आधी त्यात डिझेल कसं भरायचं, मग छोट्या हातपंपाने लाइनमधली हवा कशी काढायची, बुडबुडे थांबून सलग धार लागली की नट कसा आवळायचा. त्या वयात माणसं मोबाइलला घाबरतात. अप्पा एका दुपारी शिकले आणि दुसऱ्या दुपारी मला करून दाखवलं. सीटखाली फिल्टर, पाना, फडकं आणि डिझेलची बाटली ठेवायला लागले. दर पंधरवड्याला पहाटे पूजा झाली, अव्वा आत गेली, की गुपचूप फिल्टर बदलायचे. ती तेल पाजायची, हे फिल्टर बदलायचे, आणि दोघंही एकमेकांना काही बोलायचे नाहीत.

एकदा मंद्रूपच्या बाजारात काम निघालं म्हणून मी सकाळीच त्यांच्या घरी डोकावलो. अव्वा शेडमध्ये होती. मला बघून तिने वाटी लपवली नाही. पाय सुजलेले, हाताची शीर सुया टोचून टोचून दोरखंडासारखी फुगलेली. तिने वाटी ओतली, झाकण लावलं, पदराने तोंड पुसल्यासारखं ते झाकण पुसलं आणि गाडीच्या पाठीवर हात फिरवला. मला म्हणाली, "मिस्त्री, इंजिन तुमी बघा. पोटाचं मी बघते." मी व्हय म्हणालो. तिने सुनेसारख्या एका शेजारणीला माझ्यासाठी चहा करायला लावला, आणि मी पीत असताना माझ्या कपाकडे बघत राहिली. तिला तो चालत नव्हता.

हे असं फार दिवस निभणार नव्हतं, आणि मला त्याचीच भीती होती. एका शनिवारी अव्वाला पहाटेपासून धाप लागलेली, गाडी पुलाच्या चढाला मेली. रस्त्यावर ऊन, टेम्पो-ट्रक अंगावरून जाताहेत, आणि अप्पा बॉनेटमध्ये डोकं घालून फिल्टर फिरवताहेत. ते पोचले तेव्हा तिची वेळ गेली होती, अंगात पाणी चढलं होतं, तिथल्या सिस्टरने सगळ्यांसमोर अप्पांना धुऊन काढलं. अप्पा म्हणे ऐकून घेत उभे राहिले. ते परत जाताना गॅरेजवर थांबले तेव्हा मीही आवाज चढवला. अव्वा मागच्या सीटवर झोपली होती, म्हणून त्यांना बाजूला नेलं आणि सरळ म्हणालो, तुम्ही तिच्या जिवाशी खेळताय. एका वाटीपायी ती रस्त्यात जाईल.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तिला जगवायला मशीन हाय, डॉक्टर हाय, मी हाय, तू हायस. तिला बरं वाटायला काय हाय, सांग? वाटी घेऊन येती तवा तिचं तोंड बघ एकदा. मग मला बोल." मी ते तोंड बघितलं होतं. म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला. तो राग अजून पुरता गेलेला नाही, खरं सांगतो. कोण बरोबर होतं ते मला आजही ठरवता येत नाही. त्यानंतर अप्पा दर आठवड्याला फिल्टर बदलायला लागले आणि गाडी पुन्हा कधी उशिरा पोचली नाही, एवढं मात्र खरं.

थंडी सुरू झाली तशी अव्वा खचत गेली. शेडपर्यंत भिंत धरून जायची. हात कापायचे, अर्धी वाटी बाहेर सांडायची. टाकीच्या तोंडाखाली पत्र्यावर तेलाचा ओघळ आला होता आणि त्यावर रस्त्याची धूळ बसून काळी रेघ झाली होती. अप्पा बाकी गाडी धुवायचे, ती रेघ सोडून. मी एकदा फडकं घेऊन पुसायला गेलो, त्यांनी माझा हात धरला.

त्यानंतर एका मंगळवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. "मिस्त्री, अव्वा गेली. मशीनवरच गेली. तिला घरी न्यायला लागलो हाय, बसवण्णा पुलाजवळ थांबलाय. तू येतोस का?" मी पाने आणि फिल्टर पिशवीत टाकले आणि मोटरसायकल काढली.

गाडी चढाच्या पायथ्याशी कडेला उभी होती. हॉस्पिटलवाले अँब्युलन्स देत होते, अप्पांनी घेतली नाही. आडवी न्यायची नाही म्हणाले, बसून आलीया, बसूनच जाईल. लिंगायतांत माणसाला मातीही बसवूनच देतात. अव्वा पुढच्या सीटवर होती, पट्टा लावलेला, डोक्यावरून पदर, कपाळाला विभूती. मागे अप्पांचा पुतण्या दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून बसला होता आणि रडत होता. अप्पा रस्त्यावर उभे. त्यांनी बॉनेट उघडलं होतं, पाना हातात घेतला होता, पण पुढे काही केलं नव्हतं. पाना नटवर बसवायला गेले की घसरत होता. शंभरदा केलेलं काम त्यांना जमत नव्हतं.

मी त्यांच्या हातातून पाना घेतला. फिल्टर कशाने भरलाय ते बघायची गरज नव्हती, तरी विचारलं, आज सकाळी पण? ते म्हणाले, "व्हय. उठता येईना तर मीच उचलून नेली शेडात. वाटी मी धरली, वतली तिनंच." मग मी पिशवीतून नवा फिल्टर काढला आणि जुन्याला हात घातला. तेवढ्यात अप्पांनी माझं मनगट धरलं.

"नको काढू. आत तिनं पाजलेलं हाय."

मी म्हणालो, अप्पा, असाच ठेवला तर गाडी ओढणार नाही. मिसिंग करेल, अगदी हळू चालेल.

ते अव्वाकडे बघत होते. म्हणाले, "चालू दे की हळू. सोलापूरला न्यायचं होतं तवा घाई होती. आता घरी जाऊन तिला मातीतच ठेवायचं हाय."

मी फिल्टर परत पिशवीत टाकला. हातपंप मारून थोडी हवा काढली, अप्पा आत बसले, गाडी कशीबशी चालू झाली. तो पूल आम्ही पहिल्या गिअरमध्ये चढलो. मागून येणारे हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते, एकेक करून पुढे जात होते. तिथून मंद्रूपपर्यंत गाडी थाडथाड करत चालत राहिली आणि मी मोटरसायकल तिच्या मागे ठेवली. धुरातून भज्यांचा वास येत होता. माणूस चालत गेला असता तर आमच्याआधी पोचला असता. अप्पांनी एकदाही ॲक्सिलरेटर दाबला नाही.